गाय आजारी आहे, पण तिला दुखतंय हे वागण्यावरून कसं ओळखायचं?

लगेच हात लावू नका. गाय माणसासमोर दुखणं लपवते, म्हणून आधी लांबून पाच-दहा मिनिटं बघा. गव्हाणीत वैरण टाकल्यावर बाकीची जनावरं पुढे येतात आणि ही मागेच राहते का? कान मागे किंवा खाली पडलेले, डोळ्यांवरचे स्नायू ताणलेले, नाकपुड्या ताणलेल्या, मान खाली, पाठ कमानदार, दात करकर वाजणं: यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर दुखतंय असंच धरा.

रवंथ मोजा. निरोगी गाय एका घासाला साधारण ४० ते ७० वेळा चावते. त्याहून बरंच कमी किंवा रवंथच बंद, म्हणजे काहीतरी बिनसलंय.

मग वशिंडामागची कातडी चिमटीत धरून दाबा. निरोगी जनावर पाठ खाली झुकवतं. पाठ ताठ ठेवून कण्हलं तर वैरणीतून पोटात गेलेली तार किंवा खिळा टोचत असण्याची शंका घ्या. मात्र घाबरलेली गायही ताठ राहते, त्यामुळे थोड्या वेळाने पुन्हा करून बघा.

मुंबईत आरे, जोगेश्वरीकडच्या तबेल्यांत सिमेंटची ओली जमीन असेल तर खुरंही तपासा. खूर दुखत असेल तर गाय सतत या पायावरून त्या पायावर भार टाकत असते. एकाच बाजूला लाथ झाडत असेल तर कास बघा.

वेदनाशामक मनाने टोचू नका. मेलेलं जनावर खाणाऱ्या गिधाडांसाठी घातक म्हणून डायक्लोफिनॅक २००६ पासून आणि किटोप्रोफेन २०२३ पासून जनावरांसाठी बंद आहे. डॉक्टर बहुधा मेलॉक्सिकॅम देतात. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येईल.