तयार झालेला ऑपरेटर का सोडून जातो?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं २२ कामगारांचं वर्कशॉप आहे. सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या) मशीनचा ऑपरेटर तयार झाला की हजार रुपये जास्त मिळतात म्हणून शेजारच्या शेडमध्ये जातो. काय करावं?

उत्तर : हजार रुपये हे बहुतेकदा सांगायचं कारण असतं. आधी पगाराची तारीख बघा. कायद्याने पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत पगार व्हायलाच हवा. तो लांबला की घरभाडं आणि हप्ता अडतो, मग माणूस दुसरीकडे चौकशी करतो. ओव्हरटाइम दुप्पट दराने आणि पगारपत्रकावर तास लिहूनच द्या; तोंडी हिशेबात वाद ठरलेला.

त्याहून मोठं दुखणं सुपरवायझरचं. जॉब, म्हणजे मशीनवर केलेला भाग, रिजेक्ट झाल्यावर चारचौघांत झापणारा सुपरवायझर तुमची चांगली माणसं घालवतो. इन्सर्ट (धातू कापणारं टोक) झिजला होता की ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) चुकीचा टाकला, हे दोघांनी मशीनपाशी उभं राहून तपासावं.

लोडिंग, सेटिंग, प्रोग्रॅमिंग अशा प्रत्येक पायरीची पगारवाढ फलकावर लावा. पाळ्या पंधरा दिवस आधी कळवा. नव्या माणसाशी पहिले तीन महिने दर पंधरवड्याला दहा मिनिटं बोला. राजीनामा दिल्यावर खरं कारण सहसा कुणी सांगत नाही.