कोल्हापुरात गच्चीवरच्या गुलाबांवर पावसाळाभर काळे ठिपके होते. थंडीआधी काय करावं?

ठिपक्यांची पानं, झाडावरची आणि कुंडीत गळून पडलेलीही, आधी वेचून कचऱ्यात टाका (कंपोस्टच्या ड्रममध्ये नको), फवारणी त्यानंतर. हे ठिपके बुरशीचे; ती गळलेल्या पानांत आणि फांद्यांवरच्या डागांत तग धरते आणि पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की पुन्हा लागते. म्हणून पाणी सकाळी आणि बुंध्याशी. संध्याकाळी पाइपनं अख्खं झाड धुवायची हौस सोडा. परतीचा पाऊस थांबला की ऑक्टोबरात छाटणी: काप तिरका, बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या (फुटव्याच्या कळीच्या) जरा वर, आणि दर झाडानंतर कात्री स्पिरिटनं पुसून. नव्या फुटीवर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, लिटरला २ ग्रॅम. बर्फाळ देशांतल्या व्हिडिओंत गुलाब मातीनं झाकतात, आपल्याकडे त्याची गरज नाही. इथं थंडीत खरा त्रास भुरीचा, म्हणजे कोवळ्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर. तिला पाण्यात मिसळायचं गंधक, लिटरला २ ग्रॅम. मात्र पारा ३२ अंशांच्या वर असेल तर गंधक मारू नका, पानं करपतात. ऑक्टोबर हीट ओसरू दे.