पियानो ट्रायो ऐकताना बेसकडेही कान द्यावा

जॅझ पियानो ट्रायोची, म्हणजे पियानो, डबल बेस (खालच्या सुरांचे मोठे तंतुवाद्य) आणि ड्रम्स या त्रयीची, ओळख करून घेणाऱ्याने सुरुवात पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या ‘पोर्ट्रेट इन जॅझ’ या अल्बमपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. २८ डिसेंबर १९५९ रोजी न्यू यॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बममध्ये डबल बेसवर स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशियन आहेत. त्यातील बहुतेक रचना ‘स्टँडर्ड्स’, म्हणजे जॅझ वादकांच्या सामाईक संग्रहातील जुनी गाणी आहेत.

प्रथम ‘ऑटम लीव्ह्ज’ घ्यावे. जोसेफ कोस्मा यांची ही चाल ३२ बारच्या, म्हणजे मात्रांच्या ३२ समान गटांच्या, आवर्तनात बांधलेली आहे. ती गुणगुणता येईपर्यंत ऐकावी, कारण बंदिश कानात नसेल तर ख्यालाचा विस्तार जसा हातून निसटतो, तसेच येथेही होते. चाल संपल्यावर पियानो आणि बेस एकमेकांना छोट्या सुरावटींनी उत्तरे देतात, आणि ड्रम्स काही काळ थांबलेले असतात. हा भाग मला आजही सर्वांत सुंदर वाटतो. बेसवादकाने प्रत्येक मात्रेला एक सूर देत ठेका सांभाळावा, ही त्या काळची रूढ अपेक्षा बाजूला ठेवून लाफारो येथे पियानोशी बरोबरीने बोलतात. मोबाइलच्या स्पीकरवर बेसचे खालचे सूर जवळजवळ नाहीसे होतात, म्हणून चांगले हेडफोन वापरावेत.

लाफारो जुलै १९६१ मध्ये, वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षी अपघातात गेले. या तिघांचा दुसरा स्टुडिओ अल्बम ‘एक्सप्लोरेशन्स’ त्यानंतर ऐकावा.