कारखान्याच्या जमिनीची मालकी वादात आहे. कंपनी अवसायनात गेल्यास, म्हणजे ती बंद करून तिची मालमत्ता विकून देणी फेडायची वेळ आल्यास, कामगारांची थकबाकी बुडते का?

नाही, मालकीचा वाद चालू असल्यामुळे कामगारांचा दावा बुडत नाही; मात्र जमीन तिऱ्हाइताची ठरली, तर तिच्या विक्रीचा पैसा वाटपात येणार नाही. दिवाळखोरी संहिता, 2016 च्या कलम 53 नुसार अवसायन सुरू होण्यापूर्वीच्या 24 महिन्यांची कामगारांची थकबाकी, तारणावरचा आपला हक्क या वाटपासाठी सोडून दिलेल्या बँकांच्या बरोबरीने फेडली जाते, तर व्यवस्थापकांसारख्या इतर कर्मचाऱ्यांना त्यानंतरच्या क्रमाने, तेही 12 महिन्यांपुरतेच, मिळते. भविष्य निर्वाह, निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी निधीतील देणी कलम 36(4) मुळे या वाटपाच्या बाहेर राहतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये तसाच निर्णय दिला आहे. अडचण येते ती कंपनीने ग्रॅच्युइटीचा स्वतंत्र निधीच ठेवला नसेल तेव्हा. दावा अवसायकाकडे (अवसायनाचे काम पाहणाऱ्या व्यक्तीकडे), पगारपत्रकासह, मुदतीत दाखल करावा. तो सर्वांच्या वतीने प्रतिनिधीलाही करता येतो.