विद्यापीठांत लिंगओळखीचा अभ्यास होतो की प्रचार?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. लिंगओळख, म्हणजे माणूस स्वतःला स्त्री, पुरुष की आणखी काही मानतो ती जाणीव, हा विषय विद्यापीठांत अभ्यास म्हणून शिकवतात की मतप्रचार म्हणून, आणि या एका विषयावरून जगभर एवढा गदारोळ का? मी समाजशास्त्र शिकवते आणि लिंगभाव, म्हणजे स्त्रीपण-पुरुषपणाची सामाजिक बाजू, हा माझ्या अध्यापनाचा मोठा भाग आहे. म्हणजे मी काठावर उभी नाही, हे धरूनच पुढचं वाचा. माझ्या मते हा खराखुरा अभ्यासविषय आहे. त्यात प्रचार शिरतो, हेही खरं. पण तो ओळखता येतो, आणि त्यावर विषयच बंद करणं हा उपाय नाही.

अभ्यास म्हणजे काय, हे दाखवायला मी वर्गात जनगणनेचं उदाहरण घेते. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत १६ वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना पहिल्यांदाच एक ऐच्छिक प्रश्न होता: तुम्ही स्वतःला ज्या लिंगभावाचे मानता, तो तुमच्या जन्मनोंदणीतल्या लिंगाशी जुळतो का? सुमारे २ लाख ६२ हजार लोकांनी, म्हणजे अर्ध्या टक्क्याने, 'नाही' असं उत्तर दिलं. आकडा आल्याबरोबर बातम्या झाल्या. मग ऑक्सफर्डचे समाजशास्त्रज्ञ मायकेल बिग्ज यांनी एक विचित्र गोष्ट दाखवली. जिथे इंग्रजी ही अनेकांची पहिली भाषा नाही, अशा वस्त्यांत हे प्रमाण अनपेक्षितपणे जास्त दिसत होतं. म्हणजे काही लोकांना बहुधा प्रश्नच नीट कळला नव्हता. बरीच चर्चा झाल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये, जनगणना घेणाऱ्या सांख्यिकी कार्यालयाच्याच विनंतीवरून, या आकडेवारीचा अधिकृत मान्यतेचा दर्जा काढून घेण्यात आला आणि ती 'विकसित होत असलेली' म्हणून नोंदवली गेली. स्कॉटलंडने २०२२ मध्ये प्रश्न सरळ शब्दांत विचारला होता: तुम्ही स्वतःला ट्रान्स मानता का, किंवा पूर्वी ट्रान्स होता का? तिथे सुमारे २० हजार लोक, म्हणजे ०.४४ टक्के, 'हो' म्हणाले.

यावरून एका गटाने 'बघा, सगळं फुगवलेलं आहे' असं म्हटलं. दुसऱ्या गटाला बिग्ज यांच्या हेतूबद्दलच शंका आली. पण त्या चुकीच्या आकड्यावरून ट्रान्स माणसं कमी आहेत असं ठरत नाही, जास्त आहेत असंही नाही. एवढंच ठरतं की त्या शब्दांत विचारलेल्या प्रश्नातून आपल्याला हवं ते कळलं नाही. त्याच आकड्यांवर दवाखाने, शाळा, समुपदेशन यांचं नियोजन व्हायचं असतं. मी विद्यार्थ्यांना तो प्रश्न देते आणि म्हणते, हा सुधारून द्या: कमी शिकलेल्या माणसाला कळेल, कोणाचा अपमान होणार नाही आणि मोजणी बरोबर येईल असा. तासभर डोकं खाजवल्यावर त्यांना उमगतं की या विषयात मत असणं सोपं आहे, नीट विचारणं फार अवघड आहे. हे कसब विद्यापीठाखेरीज दुसरीकडे कुठे शिकवलं जातं, मला माहीत नाही.

'लिंगभाव असं काही नसतंच, सगळं शरीरात असतं' हा आक्षेप तुम्ही ऐकला असेल. शरीराचा फरक आम्ही नाकारत नाही. नाकारला तर माणसांना इजा होते. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने झोल्पिडेम या झोपेच्या औषधाची स्त्रियांसाठीची शिफारस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली, कारण स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडतं. तोपर्यंत बायका पुरुषांइतकीच मात्रा घेत होत्या. आता दुसरी बाजू बघा. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते स्त्रियांच्या रोजगाराचा आणि मिळकतीचा दोन शतकांचा इतिहास उलगडून दाखवल्याबद्दल. एकाच शिक्षणाच्या, एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांच्या पगारात पहिलं मूल झाल्यावर जी दरी पडते, ती गोळीच्या मात्रेने समजत नाही. घर, कामाचे तास आणि अपेक्षा यांतून ती पडते. दोन्ही अभ्यास लागतात.

खुद्द 'लिंगओळख' ही कल्पना चळवळीतून आलेली नाही, ती दवाखान्यातून आली. मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांनी १९५५ मध्ये, ज्यांचं शरीर स्पष्टपणे मुलाचं किंवा मुलीचं म्हणता येत नव्हतं अशा रुग्णांबद्दल लिहिताना 'लिंगभावाची भूमिका' ही संज्ञा वापरली. १९६४ मध्ये मनोविश्लेषक रॉबर्ट स्टोलर यांनी 'लिंगओळख' मांडली. पुढे मनी यांच्याच एका प्रकरणाने या विषयाला मोठा धडा दिला. कॅनडात सुंतेच्या वेळी झालेल्या इजेत एका जुळ्या बाळाचं शिश्न निकामी झालं आणि मनी यांच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवण्यात आलं. प्रयोग यशस्वी झाला, असं त्यांनी लिहिलं आणि ते पाठ्यपुस्तकांत गेलं. १९९७ मध्ये मिल्टन डायमंड आणि कीथ सिगमंडसन यांनी शोधनिबंधात खरी हकिकत मांडली: त्या मुलाने मुलगीपण कधीच स्वीकारलं नव्हतं आणि किशोरवयातच तो मुलगा म्हणून जगू लागला होता. ओळख बाहेरून लादता येत नाही याचा पुरावा म्हणून ट्रान्स कार्यकर्ते हे प्रकरण सांगतात. शेवटी शरीरच खरं, याचा पुरावा म्हणून त्यांचे विरोधकही हेच सांगतात. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. एका नामवंत माणसाचा दावा संशोधकांनीच पुराव्यानिशी खोडला. हे होऊ शकतं, तोवर तो अभ्यास आहे.

आणि म्हणूनच ज्यांनी हा विषय बंद करायचा प्रयत्न केला त्यांच्याबद्दल मला राग आहे. बर्लिनमध्ये माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१९ मध्ये लैंगिकताशास्त्राची संस्था काढली होती. ६ मे १९३३ ला नाझी विद्यार्थ्यांनी ती लुटली आणि चार दिवसांनी तिथली पुस्तकं चौकात जाळली. लक्षात घ्या, विद्यार्थ्यांनी. अलीकडे हंगेरीने २०१८ मध्ये एका सरकारी आदेशाने लिंगभाव अभ्यासाच्या पदव्युत्तर पदवीची मान्यता काढली. माणूस स्त्री किंवा पुरुष म्हणूनच जन्मतो, हीच सरकारची भूमिका असल्याचं सांगितलं गेलं. रोमेनियाच्या संसदेने जून २०२० मध्ये लिंगओळखीची मांडणी शिक्षणसंस्थांत करण्यावरच बंदीचा कायदा केला. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो डिसेंबरमध्ये रद्द केला. २०१७ मध्ये साओ पावलोत जमावाने लिंगभावावर लिहिणाऱ्या तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर यांचा पुतळा जाळला. बटलर तिथे ज्या परिषदेला आल्या होत्या, तिचा विषय लोकशाही हा होता.

पण दार आतूनही बंद होतं, आणि हे आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी मोठ्याने बोलायला हवं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक कॅथलीन स्टॉक यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये राजीनामा दिला. जैविक लिंगाबद्दलच्या त्यांच्या मतांवरून, त्यांना काढा अशी मोहीम विद्यार्थ्यांनी चालवली होती. विद्यापीठाने त्यांच्या शैक्षणिक स्वातंत्र्याची जाहीर बाजू घेतली, तोवर फार उशीर झाला होता. स्टॉक यांची सगळी मतं मला पटत नाहीत. त्यांचं म्हणणं खोडायचं तर लेख लिहून खोडावं. २०१७ मध्ये तत्त्वज्ञ रिबेका टुवेल यांचा, लिंग बदलणं आणि वंश बदलणं यांची तुलना करणारा एक निबंध एका स्त्रीवादी तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात आला, तेव्हा तो मागे घ्यावा म्हणून शेकडो अभ्यासकांनी खुल्या पत्रावर सह्या केल्या. संपादिका ठाम राहिल्या, निबंध राहिला. २०१८ मध्ये तिघांनी मुद्दाम बनावट निबंध लिहून लिंगभाव आणि तशाच विषयांच्या वेगवेगळ्या नियतकालिकांकडे पाठवल्याचं उघड केलं. वीसपैकी सात स्वीकारले गेले होते. त्यांची पद्धत सदोष होती, इतर विषयांच्या नियतकालिकांशी त्यांनी तुलनाच केली नव्हती. तरी त्या सातांपैकी काही निबंध वाचून मला लाज वाटली. आवडता निष्कर्ष दिसला की परीक्षक सैलावतात.

आता गदारोळाबद्दल. इतर अभ्यासांचे निष्कर्ष कपाटात पडून राहतात, इथले दुसऱ्या दिवशी नियम होतात: तुरुंग, खेळाच्या स्पर्धा, स्वच्छतागृहं, मुलांची औषधं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये समानता कायद्यातला 'स्त्री' हा शब्द जैविक लिंगाबद्दल आहे असं ठरवलं. कायद्याला आज निकाल द्यावा लागतो, संशोधनाला वेळ लागतो. मधल्या पोकळीत जो सर्वांत मोठ्याने ओरडेल त्याचं चालतं.

त्याची किंमत मुलं मोजतात. इंग्लंडच्या आरोग्यसेवेसाठी मुलांच्या लिंगओळखीच्या उपचारांचा आढावा घेणाऱ्या बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांच्या एप्रिल २०२४ च्या अहवालात, पौगंडावस्था थांबवणाऱ्या औषधांबद्दलचा पुरावा कमकुवत असल्याचं नोंदवलं आहे. तो निष्कर्ष सगळ्या वैद्यकीय संघटनांना मान्य नाही. त्या समितीला आधी उपचार घेतलेल्या हजारो मुलांचं पुढे काय झालं ते तपासायचं होतं, आणि लिंगओळखीच्या उपचारांच्या, प्रौढांसाठीच्या सात दवाखान्यांपैकी सहांनी त्यासाठी सहकार्य नाकारलं. कारणं काहीही असोत, ज्या मुलांसाठी हे सगळं चाललंय त्यांनाच उत्तर मिळालं नाही.

माझ्या वर्गात असे विद्यार्थी असतात ज्यांच्यासाठी हा विषय म्हणजे रोजचं जगणं आहे. सर्वांत टोकदार प्रश्न बहुधा तेच विचारतात. आपल्याबद्दल कोणी प्रश्नच विचारू नये, असं त्यांच्यापैकी फार थोड्यांना वाटतं. विचारणाऱ्याने आधी वाचलेलं असावं, एवढी त्यांची अपेक्षा असते, आणि ती मला अगदी रास्त वाटते.

तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कोणी असा अभ्यासक्रम निवडणार असेल तर विद्यापीठाच्या नावावर जाऊ नका. वाचनयादी मागा आणि तिच्यात एकमेकांशी भांडणारे लेखक आहेत का ते बघा. मग जुन्या प्रश्नपत्रिका बघा. 'महत्त्व स्पष्ट करा' असेच प्रश्न ओळीने असतील तर दुसरं काही शोधा. 'या दाव्यामागचा पुरावा तपासा' असे असतील तर खुशाल प्रवेश घ्या.