वाचक विचारतात : सोळा टन भरले तरी उधारी तशीच

प्रश्न : भुसावळला आमच्या शेजारी रेल्वेतले एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे, रिटायर झालेले. संध्याकाळी ओट्यावर बसून चुटक्या वाजवत खर्जात 'सिक्स्टीन टन्स' हे इंग्रजी गाणं म्हणायचे. आम्हा पोरांना वाटायचं इंजिनात कोळसा टाकायचं गाणं असेल. आता मोबाइलवर ऐकलं तर ते खाणीचं निघालं. हे खरंच कोणा खाणकामगारानं लिहिलंय का? आणि सोळा टन म्हणजे एकट्या माणसाचं काम?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : लिहिणारा खाणीत नव्हता भाऊ, पण त्याचा बाप होता आणि भाऊही होते, आणि गाण्यातल्या सगळ्यात भारी दोन ओळी त्याच्या नाहीतच, त्या घरच्यांच्या आहेत. ते सांगतोच.

लिहिणारा मर्ल ट्रॅव्हिस. १९१७ चा जन्म, गाव रोझवूड, अमेरिकेतल्या केंटकी राज्याची म्युलेनबर्ग काउंटी, म्हणजे पक्का कोळशाचा पट्टा. पोरगा खाणीत न जाता गिटारीच्या नादी लागला. अंगठ्यानं खालच्या तारांवर ठेका धरायचा आणि बोटांनी वर चाल वाजवायची ही तिकडची पद्धत तो मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली या आसपासच्या वादकांकडून शिकला, आणि आज जगभर तिला 'ट्रॅव्हिस पिकिंग' म्हणतात, म्हणजे शिकवणारे राहिले बाजूला आणि नाव लागलं चेल्याचं. मग रेडिओ, मग कॅलिफोर्निया.

१९४६ साली कॅपिटॉल रेकॉर्ड्सला लोकगीतांचा अल्बम पाहिजे होता, कारण त्या वेळी बर्ल आइव्हज नावाचा गायक लोकगीतं म्हणून जोरात चालला होता. कंपनीच्या क्लिफी स्टोननं ट्रॅव्हिसला गळ घातली. हा म्हणाला, होती नव्हती ती सगळी लोकगीतं आइव्हजनं गाऊन टाकलीत, आता मी काय गाऊ? तर क्लिफी म्हणाला, मग लिही की नवीन! आणि यानं खरंच बसून लोकगीतं 'तयार' केली. त्यातलंच 'डार्क अ‍ॅज अ डन्जन' हे खाणीतल्या अंधाराचं गाणं, ते म्हणे याला रात्री समुद्रकिनाऱ्याजवळ रस्त्यावरच्या दिव्याखाली सुचलं, असं तो स्वतःच सांगायचा. पुढे ते जॉनी कॅश या गायकानं १९६८ ला फॉल्सम जेलात कैद्यांपुढे म्हटलं, पण तो वेगळा विषय आहे, तिकडे गेलो तर पान संपेल.

तर 'सिक्स्टीन टन्स'. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला, एप्रिल १९४५ मध्ये अर्नी पाइल हा अमेरिकेचा लाडका युद्धवार्ताहर जपानजवळच्या एका बेटावर गोळी लागून मेला. त्यावर मर्लच्या भावानं, जॉननं, त्याला पत्र लिहिलं, आणि त्यात वैतागून लिहून गेला की हे खाणीतल्या कामासारखंच झालं, सोळा टन भरा आणि पदरात काय, तर वय एका दिवसानं वाढलं आणि कर्जही वाढलं. झालं, गाण्याचा मुखडा तयार. दुसरी ओळ बापाची. कोणी विचारलं कसं काय चाललंय तर म्हातारा म्हणायचा, मरायलाही परवडत नाही रे बाबा, जीवच कंपनीच्या दुकानात गहाण पडलाय. पत्रातलं एक वाक्य आणि बापाच्या तोंडचं एक वाक्य, यांच्या मधली जागा मर्लनं भरली. मला विचाराल तर मधली कडवी, ती मी असा राकट आणि माझ्या वाटेतून बाजूला व्हा टाइपची, ती नुसती मिजास आहे, पण ती तिथे शोभते, कारण ज्याच्याकडे दुसरं काहीच उरलं नाही तो माणूस अशीच फुशारकी मारतो.

आता हे कंपनीचं दुकान समजलं नाही तर गाणं अर्धंच कळतं. आपल्या खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुराचं बघा ना. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला साल ठरतं, आधीच उचल घेतलेली असते, वर्षभरात पोरीचं लग्न निघतं, दुखणं निघतं, पुन्हा उचल, आणि पुढच्या आखाजीला हिशोब करायला बसलं की वही बघून कळतं अजून आपलंच देणं आहे, मग पुन्हा त्याच मालकाकडे साल. हे ज्यानं घरात पाहिलंय त्याला ट्रॅव्हिसच्या बापाचं बोलणं वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच की आपल्याकडे मालक वेगळा आणि किराणावाला वेगळा. तिकडच्या कोळशाच्या गावांत राहतं घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टरही बऱ्याचदा कंपनीचाच. पगार रोकड न देता 'स्क्रिप' द्यायचे, म्हणजे कंपनीचा शिक्का मारलेली टोकनं नाहीतर कूपनं, ती चालणार फक्त कंपनीच्याच दुकानात, आणि तिथला भाव कंपनी लावेल तो. घरभाडं पगारातून कट, सुरुंगाची दारू मजुराच्याच खात्यावर, हत्यारांचे पैसेही त्याच्याच खात्यातून. पगार भरलेल्या टनावर, आणि गाडीत दगड जास्त निघाला म्हणून तेवढं वजन कापायचे ते वेगळंच, म्हणून तर युनियननं काट्यावर आपला माणूस बसवायचा हट्ट धरला होता. कापूस काट्यावर नेणाऱ्याला यातली गोम लगेच कळेल.

सोळा टनाचं म्हणाल तर तिकडचा टन आपल्यापेक्षा लहान असतो, २००० पौंडांचा, म्हणजे साधारण ९०७ किलो. सोळाचे झाले जवळपास १४५ क्विंटल. फावड्यानं. रोज एका माणसानं एवढं काढायचं म्हणजे हाडं मोडणारं काम आहे, त्यामुळे आकडा अंगावर येतो तो बरोबरच येतो.

ट्रॅव्हिसनं गाणं ऑगस्ट १९४६ मध्ये रेकॉर्ड केलं, पुढच्या वर्षी 'फोक साँग्ज ऑफ द हिल्स' या अल्बममध्ये आलं, आणि फारसं कोणी विचारलं नाही. एकटी गिटार, सुरुवातीला थोडं बोलणं, मग गाणं. केंटकीचाच जॉर्ज डेव्हिस नावाचा खाणकामगार गायक पुढे म्हणायचा की मूळ गाणं माझं, १९३० च्या दशकातलं, पण ते भांडण काही मिटलं नाही आणि नाव ट्रॅव्हिसचंच राहिलं.

मग तुमच्या शेजारच्या ड्रायव्हरसाहेबांच्या चुटक्या आल्या कुठून? त्या टेनेसी अर्नी फोर्ड या गायकाच्या. हा ट्रॅव्हिसचा रेडिओवरचा जुना दोस्त, १९५५ मध्ये टीव्हीवर रोजचा कार्यक्रम करत होता आणि त्यातून रेकॉर्डिंगला वेळच काढत नव्हता, कंपनीशी करार तर केलेला. सप्टेंबरात एकदाचा स्टुडिओत गेला आणि दोन गाणी करून मोकळा झाला. संगीत संयोजक जॅक फॅसिनाटोनं वाद्यं मोजकीच ठेवली, क्लॅरिनेट आणि दबक्या आवाजाचा ट्रम्पेट ऐकाल तर लगेच ओळखू येईल. निर्माता ली जिलेटनं आतून विचारलं, लय काय ठेवायची? फोर्डनं वादकांना लय दाखवायला चुटक्या वाजवल्या. जिलेट म्हणाला, त्या राहू दे, गाण्यात घे. बस, एवढंच. गिटारवाल्याचं गाणं, आणि लोकांच्या लक्षात राहिल्या चुटक्या!

आणि गंमत बघा, रेकॉर्ड कंपनीनं हे गाणं तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं होतं, पुढे दुसरंच होतं, 'यू डोन्ट हॅव टू बी अ बेबी टू क्राय'. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी केली. महिन्याभराच्या आत दहा लाखांच्या वर खप, कंट्रीच्या, म्हणजे तिकडच्या ग्रामीण ढंगाच्या गाण्यांच्या यादीत दहा आठवडे एक नंबर, पॉपच्या यादीतही एक नंबर, जानेवारी १९५६ ला इंग्लंडमध्येसुद्धा एक नंबर. ज्या गावांत स्क्रिप चालायची त्या गावांबाहेरच्या, हप्त्यावर फ्रीज आणि मोटार घेतलेल्या लोकांनी हे गाणं डोक्यावर घेतलं, आणि मला वाटतं त्यांना यातली उधारीच जास्त ओळखीची वाटली असणार.

नंतर २००५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकनं कोळशाच्या जाहिरातीत फोर्डचं हेच रेकॉर्डिंग वापरलं, पडद्यावर खाणकामगार म्हणून देखणे मॉडेल, घामानं चमकणारे. कर्जाचं गाणं कोळसा छान आहे हे सांगायला! ज्यांनी पास केलं त्यांनी शब्द ऐकले होते का कोण जाणे.

प्रश्न : वरचंच गाणं आम्ही मराठीत करून गॅदरिंगला म्हणणार आहोत, थोडा अहिराणी तडका देऊन. परवानगी लागते का?
— कॉलेजचा एक ग्रुप, अमळनेर

उत्तर : ट्रॅव्हिस १९८३ ला वारला आणि आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे शब्द आणि चाल २०४३ संपेपर्यंत त्याच्या वारसांची किंवा प्रकाशकाची. भाषांतर करायचा हक्कही त्यातच येतो. हौशी मंडळींनी तिकीट न लावता कार्यक्रमात गाणं म्हणायला कायद्यात सवलत आहे, पण मराठी करून यूट्यूबवर टाकणार असाल तर आधी प्रकाशकाला विचारा. आणि अहिराणी करणारच असाल तर कंपनीचं दुकान तसंच ठेवू नका, सालदाराची वही आणा, आखाजी आणा, समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या आजोबांचं तेच असेल. चुटक्या मात्र माइकजवळ वाजवा, गॅदरिंगच्या साउंडवर नाहीतर ऐकू येत नाहीत.