घरचा दावा लढायला मुलगा वकील?

प्रश्न (थोडक्यात) : आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले शेतकरी. वडिलार्जित जमिनीच्या वाटणीचा दावा भाऊबंदांशी 2011 पासून चालू आहे. वकिलांवर पैसा गेला, हाती नुसत्या तारखा. मुलगा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मराठी माध्यमातला, कन्नड कच्चं. त्यानं एलएल.बी. करून आपला दावा लढवावा, असं मी ठरवलंय. पण तो अबोल आहे. कोर्टातलं काम शिकवणारा सहा महिन्यांचा क्लास आहे का?

उत्तर : तुमच्या मूळ पत्रात सर्व्हे नंबर तीनदा आलाय, मुलाचं नाव एकदाही नाही. त्याला काय हवंय, याबद्दलही अक्षर नाही. मला याचीच काळजी वाटते. दाव्यानं तुमची इतकी वर्षं खाल्ली, आता त्याची खायला नकोत.

शिवाय तुमचा बेत मुळातच चालणारा नाही. वडिलार्जित जमिनीत मुलाचा जन्मतःच हिस्सा असतो. आणि ज्या प्रकरणात वकिलाचा स्वतःचा आर्थिक हितसंबंध आहे, ते त्यानं वकील म्हणून चालवू नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे. पक्षकार म्हणून तो स्वतःची बाजू मांडू शकेल, पण त्यासाठी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, लागतच नाही. दाव्याचं काय करायचं ते तुमच्या वकिलांशी बसून ठरवा, तडजोडीचंही विचारा. मुलाच्या शिक्षणाशी ते बांधू नका.

त्याला स्वतःला वकिली हवी असेल, तर पुढचं त्याच्यासाठी.

पदवीनंतर 3 वर्षांची एलएल.बी., राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी, अखिल भारतीय बार परीक्षा. न्यायाधीश व्हायचं असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या निकालानुसार त्याआधी 3 वर्षं वकिली हवी.

अबोल मुलगा वकील होत नाही, हा समज सोडा. दिवाणी दावा बोलण्यावर नाही, कागदावर उभा राहतो. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, द्यायला 30 दिवस, फार तर 90. तिच्यात न घेतलेला मुद्दा पुढं पुराव्यात घुसवता येत नाही. वाटणीच्या दाव्यात एक जमीन यादीतून सुटली की अर्धवट वाटणीचा आक्षेप येतो. हिस्सा नंबर किंवा चतुःसीमा चुकली, तर हुकूमनामा हातात असूनही दरखास्तीत, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीत, अडकायला होतं. सरतपास, म्हणजे साक्षीदाराची स्वतःच्या बाजूनं दिलेली साक्ष, आता प्रतिज्ञापत्रावरच येतो. उलटतपासात जिंकतो तो साक्षीदाराचं शब्दन् शब्द ऐकणारा, आणि पुढचा प्रश्न विचारायचा नाही हे ज्याला कळतं तो. अबोल मुलाला हे जड जाऊ नये.

कन्नडबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. इथल्या खालच्या कोर्टात साक्षी कन्नडमध्ये लिहिल्या जातात, पहाणी पत्रक, म्हणजे जमिनीचा उतारा, तोही कन्नडमध्येच. आपली साक्ष स्वतः वाचता न येणारा वकील कारकुनाच्या भरवशावर राहतो. त्यानं आजपासून कन्नड लिहायला-वाचायला शिकावं. त्यानं मराठीचं काही कमी होत नाही. उलट 1956 पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. त्या काळातली बरीच खरेदीखतं, वाटणीपत्रं मराठीत, कित्येक जुनी तर मोडीत आहेत. कन्नड, मराठी आणि थोडी मोडी येणारा वकील सीमाभागात पक्षकारांना हवाच असतो.

सहा महिन्यांच्या क्लासात हे काम येत नाही. ते ज्येष्ठ वकिलांच्या ऑफिसात येतं: नकलेचा अर्ज देणं, फायलीत कागद तारखेनं लावणं, बोर्डावर आपलं काम कितवं ते बघणं, अर्जाचा मसुदा चार वेळा लाल शाईनं खोडून घेणं. पहिली दोन-तीन वर्षं कमाई नगण्य असते, तेवढं घराला झेपेल का ते आधी बघा.

या आठवड्यात त्याला एक दिवस खानापूरच्या दिवाणी कोर्टात जाऊ द्या. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. मागच्या बाकावर बसून एक तरी उलटतपास ऐकू दे. तुम्ही सोबत जाऊ नका. आणि पुढचं पत्र त्याला स्वतः लिहू द्या, तुम्हाला न दाखवता.